संपाच्या बातमीनंतर विमानाचं तिकीट: आधी कोणी रद्द करायचं?

डोंबिवलीच्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुढच्या पंधरवड्यात नागपूरला मेव्हणीचं लग्न आहे, त्यासाठी मुंबई-नागपूर विमानाची चार तिकिटं काढून ठेवली आहेत. त्यानंतर आठवड्याभरात त्यांचे आईबाबा, दोघंही सत्तरीपुढचे, मुलीकडे फ्रँकफर्टला निघालेत. तिकीट जर्मन कंपनीचं आहे. इकडे केबिन क्रू रजेवर जाणार अशी कुजबुज आहे, तर तिकडे जर्मनीत वैमानिकांच्या युनियनने संपाचा इशारा दिलाय. आताच सगळं रद्द करून दुसरी तिकिटं काढावीत का? आणि विमान रद्द झालंच तर भरपाई किती मिळेल?

पार्ल्यात तिकिटांचा धंदा करताना संपाच्या बातमीनंतर हेच दोन प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारले जातात, आणि याच क्रमाने.

रद्द करू नका. निदान आज तरी नाही. तुम्ही आपणहून तिकीट रद्द केलं तर ते तुमचं कॅन्सलेशन ठरतं. मग भाड्याच्या प्रकारानुसार कापणी होते, आणि स्वस्तातल्या तिकिटात हातात जवळपास फक्त कर परत येतात. तेच विमान दोन दिवसांनी कंपनीने रद्द केलं तर पूर्ण पैसे किंवा दुसऱ्या विमानात जागा, यातलं काय घ्यायचं ते तुम्ही ठरवता. म्हणजे घाई केल्याचा दंड तुम्ही भरता आणि कंपनीच्या डोक्यावरचं एक सीटही कमी होतं. शिवाय संप जवळ आला की बऱ्याचदा कंपन्याच ‘वेव्हर’ काढतात, म्हणजे अमुक तारखांची तिकिटं एकदा फुकट बदलून देतात. ती नोटीस कंपनीच्या वेबसाइटवर येते, मेसेज येईलच असं नाही. रोज सकाळी एकदा बघत जा.

आता भरपाई. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण तीन वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात. तिकिटाचे पैसे परत मिळणं हा एक हक्क. विमानतळावर अडकल्यावर खाणंपिणं आणि हॉटेल हा दुसरा. आणि मनस्तापापोटी वरून मिळणारी रक्कम हा तिसरा. भारतात संपाच्या वेळी पहिला हक्क पक्का असतो, दुसरा अर्धामुर्धा, आणि तिसरा बहुतेक वेळा नसतोच.

डीजीसीए, म्हणजे हवाई वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, याचा जो नियम आहे, त्यानुसार विमान रद्द होणार असेल तर कंपनीने किमान दोन आठवडे आधी कळवून दुसरं विमान किंवा पैसे द्यायचे. दोन आठवड्यांपेक्षा उशिरा, पण सुटण्याच्या २४ तास आधीपर्यंत कळवलं, तर मूळ वेळेच्या दोन तासांच्या आत सुटणारं विमान द्यायचं किंवा पैसे. तेवढंही कळवलं नाही तर वरून भरपाई: तासाभरापर्यंतच्या प्रवासाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या प्रवासाला ७,५००, त्यापुढे १०,०००. किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, या दोन्हींपैकी जे कमी असेल ते. नागपूर मधल्या गटात बसतं. लग्नाचं तिकीट तीन महिने आधी स्वस्तात काढलं असेल तर ७,५०० चा आकडा विसरा, तुमचं मूळ भाडंच कमी भरेल.

पण याच नियमात पुढे असाधारण परिस्थितीची यादी आहे: पूर, दंगल, राजकीय अस्थिरता, सरकारी आदेश आणि त्यांच्या बरोबरीने संप व कामगार तंटे. या कारणांनी विमान रद्द झालं आणि कंपनीने शक्य ते सगळं करूनही ते टळण्यासारखं नव्हतं, तर वरची भरपाई द्यावी लागत नाही. विलंबाच्या बाबतीत तर हेच कारण पुढे करून कंपनी हॉटेलमधूनही अंग काढून घेऊ शकते. स्वतःच्याच नोकरांशी झालेलं भांडण आणि पूर एका रांगेत का बसवलेत, हे मला कधीच पटलेलं नाही. पण नियम आज तसा आहे.

म्हणून एक गोष्ट जपून ठेवा: रद्द झाल्याचा पहिला मेसेज. त्यात ‘संप’ हा शब्द क्वचितच असतो, बहुतेकदा ‘ऑपरेशनल कारणांमुळे’ एवढंच असतं. असाधारण परिस्थितीच्या यादीत ‘ऑपरेशनल कारण’ असं काही नाही. पुढे कंपनी संपाकडे बोट दाखवून भरपाई नाकारायला लागली, तर तिनेच पाठवलेला हा मेसेज तुमच्या बाजूने बोलतो. स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ दिसेल असा. काउंटरवर कारण विचाराल तर ते ईमेलवर लिहून मागा.

आपल्याकडे विमान कर्मचारी संप करतात ते बहुधा ‘संप’ न म्हणता. सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजचे वैमानिक एकाच वेळी आजारी पडले आणि चार-पाच दिवस मुंबईचा विमानतळ लोकांनी तुंबला. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन क्रूने तेच केलं. दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर बैठक होऊन दोन-तीन दिवसांत प्रकरण मिटलं, पण विमानं रुळावर यायला त्याहून जास्त दिवस लागले. उलट २०१२ चा एअर इंडियाच्या वैमानिकांचा संप तब्बल ५८ दिवस चालला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार संपाआधी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संपच धरला जातो. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच: नोटीस देऊन होणारा संप आधी कळेल आणि बरेचदा वाटाघाटीत विरूनही जाईल. खरी भीती सामुदायिक आजारपणाची. ते रात्री ठरतं आणि पहाटेच्या विमानांवर कोसळतं. म्हणून लग्नाला जायचं असेल तर आदल्या दिवशीचं विमान धरा, लग्नाच्या सकाळचं नको.

आईबाबांच्या तिकिटाची गोष्ट पूर्ण वेगळी आहे, आणि तुमच्या फायद्याची. युरोपीय संघाचा २६१ क्रमांकाचा नियम (२००४ चा) युरोपातून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला लागू होतो, आणि बाहेरून युरोपात जाणाऱ्या विमानाला ते युरोपीय कंपनीचं असेल तर. म्हणजे जर्मन कंपनीच्या मुंबई-फ्रँकफर्ट विमानाला लागू, एअर इंडियाच्या मुंबई-फ्रँकफर्टला नाही. परतीला मात्र फ्रँकफर्टहून निघणाऱ्या दोघांनाही लागू. इथे एक पाचर आहे: तिकीट कोणाचं यापेक्षा विमान कोण उडवतंय ते महत्त्वाचं. तिकिटावर बारीक अक्षरात ‘ऑपरेटेड बाय’ लिहिलेलं असतं, ते वाचा. जर्मन कंपनीच्या क्रमांकाने विकलेलं सीट प्रत्यक्षात भारतीय कंपनीच्या विमानात असू शकतं.

आणि संप? युरोपच्या न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये स्कँडिनेव्हियाच्या एसएएस कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केलं की स्वतःच्या कर्मचाऱ्यांनी पगारासाठी केलेला कायदेशीर संप ही असाधारण परिस्थिती नाही, तो धंद्याचाच भाग आहे. म्हणजे कंपनीच्या वैमानिकांच्या संपामुळे आईबाबांचं विमान चौदा दिवसांपेक्षा कमी मुदतीत रद्द झालं, तर एवढ्या लांबच्या प्रवासाला माणशी ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. दुसरं विमान देऊन चार तासांपेक्षा कमी उशिरा पोचवलं तर ती निम्मी होऊ शकते. पण हवाई वाहतूक नियंत्रकांचा किंवा विमानतळाच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांचा संप असेल तर ही भरपाई नाही, कारण ती कंपनीची माणसं नव्हेत. जेवण, हॉटेल आणि पुढचं विमान मात्र दोन्ही वेळा द्यावंच लागतं. लंडनला जाणाऱ्यांसाठी ब्रिटनचा स्वतःचा असाच नियम आहे, तिथे कमाल आकडा ५२० पौंड.

हा दावा कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः करता येतो. ‘तुमची भरपाई आम्ही मिळवून देतो’ म्हणणाऱ्या कंपन्या मोठा हिस्सा कापून घेतात. कंपनीने नकार दिल्यावर त्यांच्याकडे जायला हरकत नाही, पण आधीच नको.

आता तयारी. सगळ्यात आधी तिकिटावर कोणाचा मोबाइल नंबर आहे ते बघा. वेबसाइटवरून किंवा आमच्यासारख्या एजंटकडून काढलेल्या तिकिटावर बरेचदा आमचाच नंबर असतो, आणि विमान रद्द झाल्याचा मेसेज पहाटे तीनला आमच्या बंद ऑफिसात वाजतो. डीजीसीएच्या नियमात तर स्पष्ट आहे की नीट संपर्क क्रमांक न दिलेल्या प्रवाशाला भरपाई नाही. बुकिंगच्या वेबसाइटचा लांबलचक नंबर वेगळा आणि विमान कंपनीचा सहा अक्षरी पीएनआर वेगळा. तो पीएनआर घेऊन कंपनीच्या वेबसाइटवर जा आणि स्वतःचा मोबाइल आणि ईमेल टाका. आईबाबांच्या तिकिटावर तुमचा आणि जर्मनीतल्या बहिणीचा, दोन्ही टाका. संपाच्या दिवशी इथला कॉल सेंटर लागत नसेल तर बहीण तिकडचा लावू शकते. अनेकांची सुटका अशीच झालेली मी पाहिली आहे.

आता संपाचा दिवस उजाडला आणि मेसेज आला असं धरा. त्या मेसेजमध्ये एक लिंक असते आणि लिंकवर दोन बटणं: पैसे परत, किंवा विमान बदला. घाबरलेला माणूस पैसे परतवर बोट ठेवतो. इथेच सगळ्यात मोठं नुकसान होतं. पैसे घेतले की तुम्हाला पोचवण्याची कंपनीची जबाबदारी संपली. मग बाजारात त्या दिवशी जो भाव असेल त्या भावाने तिकीट घ्या, आणि संपाच्या दिवशी तो भाव तिप्पट-चौपट असतो. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमानं शेकड्यांनी रद्द झाली तेव्हा (तो संप नव्हता, वैमानिकांच्या ड्यूटीच्या नव्या नियमांचा घोळ होता) सरकारने तात्पुरती भाडेमर्यादा घातली होती, ५०० ते १,००० किलोमीटरला १२,००० रुपये अशी. दर वेळी सरकार असं धावून येईल यावर बसू नका. आधी ‘विमान बदला’ उघडून काय जागा आहेत ते पाहा, पर्याय दुसरीकडे पक्का झाला तरच पैसे मागा. आणि पैसे म्हणजे पैसे. क्रेडिट शेलमध्ये (म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा) ठेवायचे की नाही हे प्रवाशाने ठरवायचं असतं, कंपनीने परस्पर नव्हे.

फोनवर बोलताना ‘काहीतरी करा’ म्हणू नका. आधी स्वतः शोधून ‘अमुक क्रमांकाच्या विमानात चार सीट दिसतायत, ती द्या’ असं सांगा. पलीकडच्या माणसाचं काम निम्मं होतं आणि तुमचं होऊन जातं. रांगेत उभे असाल तर उभ्याउभ्याच फोन आणि ॲप दोन्ही चालू ठेवा, जिथे आधी लागेल तिथे काम करून घ्या. देशातल्या कंपन्या बहुधा स्वतःच्याच विमानात जागा देतात. युरोपीय कंपनीकडे मात्र दुसऱ्या कंपनीच्या विमानाचीही मागणी करा, कारण नियमात ‘शक्य तितक्या लवकर’ असे शब्द आहेत. तीन दिवसांनंतरचं विमान देऊन ‘हेच आहे’ म्हणाले आणि उद्याचं दुसऱ्या कंपनीचं विमान रिकामं दिसत असेल, तर तसं ईमेलवर लिहा. उत्तर आलंच नाही तर वाजवी भावात स्वतः काढून पावतीसह पैसे मागण्याचा मार्ग राहतो. फक्त नवा मार्ग कुठल्या देशातून जातो ते बघा. ट्रान्झिट व्हिसा लागत असेल तर काउंटरवरच आईबाबांना परत पाठवतील.

विमान बदललं की काम संपलं असं वाटतं. तसं नसतं. नवा पीएनआर ‘कन्फर्म्ड’ दिसतो, पण तिकीट पुन्हा काढलेलं, आमच्या भाषेत री-इश्यू केलेलं, नसतं. मग चेक-इनवर सांगतात, बुकिंग आहे पण तिकीट नाही. मोठ्या कंपन्यांच्या तिकिटाला तेरा आकडी क्रमांक असतो (०९८ ने सुरू होणारा एअर इंडियाचा, २२० ने सुरू होणारा लुफ्तान्साचा). बदलानंतर हा क्रमांक नव्या विमानाला जोडलाय का ते फोनवरच विचारा. स्वस्त कंपन्यांत ही भानगड नसते.

दुसरं, व्हीलचेअर आणि जेवण. आईबाबांसाठी व्हीलचेअर मागितली असेल तर ती जुन्या विमानाला चिकटलेली असते, नव्या विमानाबरोबर ती आपोआप जाईल असं धरू नका. शाकाहारी जेवणाचंही तेच. दोन्ही नव्याने नोंदवा.

औषधं पंधरा दिवसांची जास्तीची आणि सगळी हातातल्या बॅगेत. बीपीच्या गोळ्या चेक-इन केलेल्या बॅगेत गेल्या आणि विमान रद्द झालं तर ती बॅग परत मिळायला कित्येक तास लागतात. मुंबई विमानतळाच्या टी-टूवर (टर्मिनल दोनवर) इमिग्रेशन झाल्यानंतर विमान रद्द झालं तर स्वतःहून बाहेर पडता येत नाही. कंपनीचा माणूस सगळ्यांना परत इमिग्रेशनवर नेतो, पासपोर्टवरचा निर्गमनाचा शिक्का रद्द करून घेतात, मगच बाहेर. तो शिक्का रद्द झाल्याची खात्री करूनच पासपोर्ट खिशात घाला.

परतीचं विमान संपात अडकलं तर शेंगेन व्हिसाची मुदत बघायची. आईबाबांना नव्वद दिवसांचा व्हिसा मिळाला असेल आणि परत यायचं तिकीट अठ्ठ्याऐंशीव्या दिवसाचं असेल, तर तुम्ही संकट बोलावताय. आठवडाभर मोकळा ठेवा. तरीही वेळ आलीच तर मुदत संपायच्या आत, कंपनीने विमान रद्द केल्याचं पत्र घेऊन, तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जायचं. हाताबाहेरच्या कारणासाठी मुदतवाढ देण्याची तरतूद त्यांच्या व्हिसा नियमात आहे आणि तिला शुल्क नाही. प्रवास विमाही तेवढे दिवस वाढवून घ्यायचा, तोही मुदत संपायच्या आत.

विम्यावरून आठवलं: संपाची बातमी छापून आल्यानंतर काढलेला विमा त्या संपासाठी बहुधा कामाचा नसतो, ‘आधीच माहीत असलेली घटना’ म्हणून दावा बाद होतो. तुमचा आधीचा असेल तर किती तासांच्या विलंबानंतर पैसे देतात ते कलम वाचा.

नागपूरला तर तुमच्याकडे रेल्वे आहे, हे विसरू नका. सीएसएमटीहून रात्रीची दुरांतो, विदर्भ, सेवाग्राम यांपैकी एकीत आजच चार बर्थ मिळत असतील तर काढून ठेवा. वेळेत रद्द केलं तर कापले जाणारे पैसे विमानाच्या कापणीपुढे किरकोळ आहेत. तत्कालवर भिस्त ठेवायची तर एसीचं आदल्या दिवशी सकाळी दहाला उघडतं, आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं हवं, आणि कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर छदामही परत नाही. जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग आमणेपासून नागपूरपर्यंत सलग झालाय. डोंबिवलीहून आमणे जवळच. चौघं आहात, तर गाडीचा हिशेब एकदा मांडून बघा. ड्रायव्हर मात्र दोन हवेत.

बदली विमान कुठून सुटतं तेही नीट वाचा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय. तिकिटावर जुन्या विमानतळाच्या बीओएम या कोडच्या जागी एनएमआय दिसलं तर सहारला नाही, उलव्याला जायचंय. डोंबिवलीकरांना कदाचित ते सोयीचंच पडेल, पण सवयीने टी-वनला पोचलात तर विमान गेलं. आणि जाण्या-येण्याचं तिकीट एकाच पीएनआरवर असेल तर जाताना रेल्वेने गेलात आणि कंपनीला काही न कळवता विमान सोडलंत, तर तुम्हाला गैरहजर धरून परतीची सीटंही रद्द होऊ शकतात. जाण्याचा टप्पा कंपनीनेच रद्द केला असेल तर तेवढ्याचेच पैसे घ्या आणि परतीचा टप्पा चालू असल्याचं लेखी घ्या.

तक्रार करायची वेळ आली तर आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला ईमेल, मग एअरसेवा ॲपवर किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते आणि २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता तिथल्या आयोगात जाता येतं. म्हणजे तुमच्यासाठी ठाणे जिल्हा आयोग. वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, आणि तिकिटापोटी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर विलेपार्ल्याला कूपर हॉस्पिटलच्या मागे मुंबई ग्राहक पंचायतीचं ग्राहक भवन आहे. जाताना पहिला मेसेज, बोर्डिंग पास, खाण्याच्या आणि हॉटेलच्या पावत्या, आणि स्वतः काढलेल्या तिकिटाचं बिल तारखेनुसार लावून न्या.